कागद वाहणारे, कागद वाचणारे

१

गावगाड्यात महाराच्या वाट्याला कागद आला तो वाहून नेण्यासाठी, वाचण्यासाठी नव्हे. कचेरीचे टपाल पुढच्या गावी पोचवायचे, वसुलाच्या थैलीबरोबर तालुक्याला चालत जायचे, मयताचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री शिवार तुडवायचे, ही सारी वतनाची कामे. माझे आजोबा गिरणेकाठच्या एका गावात ही कामे करीत. हातातल्या कागदात कुणाची जप्ती आहे की कुणाची बदली, हे त्यांना ठाऊक नसे. ठाऊक असावे अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. किंबहुना कागद वाहणाऱ्याला कागद वाचता येऊ नये, यावरच ती व्यवस्था उभी होती.

या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. प्रत्यक्षात ही वतने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. त्या कायद्यात एक तरतूद होती. वतनाची जमीन सरकारजमा व्हायची आणि ठरावीक मुदतीत ठरलेली रक्कम भरली, तर ती त्याच माणसाच्या नावे परत मिळायची. आमच्याही घरी तशी नोटीस आली. माझे वडील तेव्हा तिसरी-चौथीत असतील. वाड्यातून शाळेत जाणारे ते दुसरे की तिसरे मूल. संध्याकाळी ओट्यावर माणसे जमली आणि वडिलांनी कंदिलाच्या उजेडात ती नोटीस मोठ्याने वाचून दाखवली. एकही अक्षर चुकले नाही. ‘पुनःप्रदान’, ‘भोगवटादार’, ‘विहित मुदत’ असले जोडाक्षरांनी जड झालेले शब्द त्यांनी न अडखळता उच्चारले. वाड्यातले पोरगे सरकारी कागद घडाघडा वाचते आहे, या अभिमानाने म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. आजोबांनी कागद कपाळाला लावला, घडी घातली आणि पत्र्याच्या पेटीत ठेवून दिला. मुदत टळली. जमीन गेली.

ही हकीकत सांगताना वडील मला एकदा म्हणाले होते, “वाचं ते मी बराबर. पन काय वाचं ते माले समजनं नही, आनि कोनी इचारंबी नही.”

या वाक्याचा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. कुणी विचारले नाही. कागदापुढे प्रश्न विचारायचा असतो, हे ना शाळेने शिकवले होते ना गावाने. अक्षर हाती आले, पण अक्षरामागचा अर्थ काढून घेण्याचा अधिकार हाती आला नाही. आपल्याकडे साक्षरतेचा इतिहास पुष्कळ सांगितला गेला आहे. पहिली शाळा कुणी काढली, पहिला पदवीधर कोण झाला, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगितलेच पाहिजे. परंतु वाचता येणे आणि वाचलेले कळणे यांतील अंतराचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. त्या अंतराची किंमत आपल्या समाजाने जमिनीत, मजुरीत आणि कोर्टकज्जात मोजली आहे.

आणि हे अंतर मिटले आहे असेही नाही. मी महाविद्यालयात शिकवतो. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या खेड्यांतून आलेली मुले माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गात असतात. त्यांतली बरीचशी माझ्यासारखी घरातली पहिलीच. उतारा वाच म्हटले की खणखणीत वाचतात. लेखकाला काय म्हणायचे आहे, असे विचारले की वर्ग खाली पाहतो, नाही तर त्याच ओळी पुन्हा वाचून दाखवतो. स्टाफरूममध्ये याचे निदान चटकन होते : मुले ‘कच्ची’ आहेत. पण कच्चेपण आकाशातून पडत नाही. त्याला कारणे असतात, आणि त्या कारणांना इतिहास असतो.

२

खानदेश १८१८ साली इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्या काळची गावठी शाळा म्हणजे पंतोजींची ओसरी. धुळाक्षरे गिरवायची, मोडीचे वळण घटवायचे, पावकी-निमकीचे पाढे म्हणायचे. मुलाने म्हणावे, पंतोजींनी ऐकावे. या शिक्षणात हिशेबापुरते व्यवहारज्ञान होते, पण अर्थचर्चेला जागा नव्हती. त्याच्या वरच्या पायरीवर जी विद्या होती, तिच्यात तर शब्दाचा निर्दोष उच्चार हेच मोठे पुण्य. अर्थ सांगण्याचा अधिकार कुणाचा हे जन्माने ठरलेले होते. शूद्रातिशूद्रांच्या कानी शब्द पडणे हाच जिथे अपराध, तिथे अर्थाची गोष्टच नको.

नव्या राजवटीनेही ही उतरंड फारशी हलवली नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२३ च्या आपल्या शिक्षणविषयक टिपणात मिशनऱ्यांचा एक अनुभव नोंदवला आहे. खालच्या जातींची मुले सर्वांत चांगले विद्यार्थी ठरतात, असा तो अनुभव. पण लगेच त्याने सावधगिरीचा इशाराही दिला. या जातींना खास उत्तेजन देऊ नये, कारण शिक्षण आधी त्यांच्यात रुजले तर ते पुढे वर पसरणार नाही. म्हणजे आपली मुले शिकू शकत नाहीत म्हणून नव्हे, तर चांगली शिकतात हे दिसत असूनही त्यांना मागे ठेवण्याचे धोरण ठरले. आजच्या ‘कच्च्या’ मुलाबद्दल बोलताना हे टिपण समोर ठेवावे.

या धोरणाला छेद दिला जोतीराव आणि सावित्रीबाईंनी. १८४८ ची पुण्यातली मुलींची शाळा आणि त्यानंतर चार वर्षांतच महार-मांगांच्या मुलांसाठी काढलेली शाळा सर्वांना माहीत आहे. त्या शाळांमध्ये काय घडत होते याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला. त्यात तिने केलेला युक्तिवाद नीट पाहावा. वेद हे केवळ ब्राह्मणांचेच, असे ब्राह्मण म्हणतात. मग ज्यांचा ग्रंथ त्यांचा धर्म. आम्हांला तो ग्रंथच नाही, तर आम्ही धर्मावाचून आहोत असे उघड होत नाही काय? समोरच्याने उच्चारलेले वाक्य घ्यायचे, ते खरे धरायचे, आणि त्यातून त्याने न उच्चारलेले वाक्य बाहेर काढायचे. शिक्षणशास्त्र याला अनुमान म्हणते आणि वाचनाच्या आकलनातील ती अवघड पायरी मानते. सव्वाशेहून अधिक वर्षे ज्या पायरीशी आपल्या शाळा अडखळत आल्या, ती एका मांगाच्या शाळकरी मुलीने तेव्हाच ओलांडली होती. म्हणजे प्रश्न मुलांच्या बुद्धीचा नव्हता. शिकवणाऱ्याला मुलाकडून काय हवे आहे, त्याचा होता.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिले, त्याकडेही मी या अंगाने पाहतो. प्राथमिक शाळेत मोडी आणि बालबोध ही दोन्ही लिपींतली वाचन-लेखनाची ओळख, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे हवेत, असे त्यांनी मागितले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, गरज पडली तर नांगर धरायला न लाजणारे, असेही म्हटले. मोडीचा आग्रह कशासाठी? छापील पुस्तके तर बालबोध होती. पण सावकाराचा रोखा, कुळकर्ण्याचे दप्तर, जमिनीचा कागद हे सारे मोडीत होते. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून रोखे काढून जाळले, ही घटना तेव्हा अवघ्या सात वर्षांपूर्वीची. जो कागद वाचता येत नाही, त्याला माणूस एक तर कपाळाला लावतो, नाही तर जाळतो. जोतीरावांना तिसरी वाट हवी होती. माणसाला बांधून ठेवणारा कागद त्याला स्वतःला उलगडता यावा.

३

शाळाखात्याची वाट मात्र निराळी होती. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित नियमांनी ‘निकालावर पैसे’ ही पद्धत आली. तपासनीस शाळेत येणार, मुलांची परीक्षा घेणार, जितकी मुले उतरतील तितके अनुदान. आपल्या मुंबई इलाख्यातील अनुदानित शाळांनाही हे तत्त्व लागू झाले. वाचनाची परीक्षा म्हणजे नेमलेल्या क्रमिक पुस्तकातला उतारा मोठ्याने वाचून दाखवणे. मग पोटासाठी शिकवणाऱ्या मास्तराने काय करावे? त्याने पुस्तक पाठ करून घेतले. इंग्लंडातल्या तपासनिसांचीच तक्रार होती की मुले पुस्तक उलटे धरूनही ‘वाचतात’. ती पद्धत पुढे मोडीत निघाली, पण तिने लावलेली सवय गेली नाही. गावात ‘डिपोटी’ येणार म्हटले की हुशार मुलाला पुढे बसवायचे, त्याला ठरलेला धडा घडाघडा म्हणायला लावायचे, हे चित्र माझ्या वडिलांच्या पिढीपर्यंत खेडोपाडी होते. वडिलांनी नोटीस वाचली ती याच सवयीने. त्यांच्या दृष्टीने तोही डिपोटीसमोरचाच धडा होता. न चुकता वाचला की संपला.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी या व्यवस्थेचा हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या दर १०० मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जाऊन पडतात. प्राथमिक शिक्षणाचा हेतूही त्यांनी त्याच भाषणात सांगितला. शाळेच्या दारातून आत आलेले मूल साक्षर होऊनच बाहेर पडावे आणि पुढे आयुष्यभर साक्षर राहावे. ‘राहावे’ या शब्दावर माझे लक्ष खिळते. शिकलेले अक्षर पुसले का जाते? जे पोहायला शिकले ते पोहणे विसरत नाहीत. अक्षर विसरले जाते ते मुलाच्या जगण्यात त्याचे काही कामच पडले नाही म्हणून. त्यातून त्याला कधी काही कळले नाही, कधी काही मिळाले नाही म्हणून. अर्थाशिवाय दिलेले अक्षर पाटीवरच्या अक्षरासारखे असते. ओला हात फिरला की गेले. १९२९ साली हार्टोग समितीने याच दुखण्याला गळती आणि कुंठितता अशी नावे दिली. बाबासाहेबांनी त्याआधी दोन वर्षे ते दुखणे आकड्यांनिशी सभागृहापुढे ठेवले होते. या भाषणानंतर आठव्या दिवशी, २० मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते. तळ्याचे पाणी आणि शाळेतले अक्षर हे त्यांच्या लेखी एकाच लढ्याचे दोन काठ होते.

४

खानदेशात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. इथले मूल घरी अहिराणी बोलते. पूर्वेकडे लेवा बोली, तांड्यावर गोरमाटी, सातपुड्यात भिली आणि पावरी. पुस्तक मात्र पुण्याच्या वळणाचे. पहिलीतल्या मुलाला ‘मुलगा’ हा शब्द नवा असतो, कारण घरी तो ‘आंडोर’ असतो. ते मूल ‘मुलगा’ हे अक्षरशः वाचते, पण त्याच्या डोळ्यांपुढे कुणी उभे राहत नाही. आणि वर्गात अहिराणी शब्द तोंडून गेला की हशा. मी स्वतः शाळेत असताना एका शिक्षकाने माझे उत्तर बरोबर असूनही, भाषा ‘गावंढळ’ म्हणून मला बाकावर उभे केले होते. त्या दिवसापासून मी वर्गात उत्तर देणे सोडले. फक्त वाचून दाखवू लागलो. वाचून दाखवण्यात धोका नसतो. शब्द दुसऱ्याचे असतात.

या मुलखात बोलीच्या सामर्थ्याचा पुरावा शोधायला दूर जायला नको. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्या आपल्या वाड्यातल्या नव्हत्या, कुणबिकीतल्या होत्या. तरी अक्षराने त्यांनाही दारातच ठेवले होते. त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी सांगितलेली आठवण अशी की, शाळेच्या पुस्तकातली सावित्रीची गोष्ट त्यांनी आईला ऐकवली आणि आईने ती आपल्या बोलीत गाणे करून पुन्हा सांगितली. ऐकलेला पाठ आपल्या भाषेत, आपल्या अनुभवाच्या अंगाने पुन्हा उभा करणे, यालाच आकलन म्हणतात. म्हणजे एका घरात अक्षर मुलाकडे होते आणि आकलनाची ही ताकद निरक्षर आईजवळ होती. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली आणि २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. विद्यापीठाच्या कमानीवर जिचे नाव आहे तिची बोली पहिलीच्या वर्गात अजूनही चोरून बोलावी लागते, ही गोष्ट आपण शिक्षकांनी लाजेने नोंदवली पाहिजे.

उलट उदाहरणेही आहेत. १९९० नंतरच्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनाने सातपुड्यात जीवनशाळा सुरू केल्या. तो भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. बुडिताखाली जाणाऱ्या गावांतल्या मुलांना त्यांच्या बोलीतून, त्यांच्याच गोष्टींतून अक्षराकडे नेण्याचा प्रयत्न त्या शाळांनी केला. ज्यांच्या आईबापांवर रोज पुनर्वसनाचे कागद येऊन आदळत होते, त्या मुलांना वाचनाचे प्रयोजन वेगळे समजावून द्यावे लागले नसेल.

५

मग आकलन शिकवता येते का? की ते ज्याचे त्याला येते? आपल्याकडे वर्षानुवर्षे दुसरेच धरून चालले आहे. शिक्षक धडा वाचतो, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहितो, खालचे प्रश्न सोडवून आणायला सांगतो. हे शिकवणे नव्हे, तपासणे आहे. अमेरिकेतही परिस्थिती फार वेगळी नव्हती. डोलोरेस डर्किन या संशोधिकेने १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चौथीच्या वर्गांतील वाचनाच्या तासांची ४,४६९ मिनिटे मोजली. त्यांत अर्थ कसा लावावा हे प्रत्यक्ष शिकवण्यात गेलेली मिनिटे अवघी २० निघाली. पुढे १९८४ साली पालिंक्सर आणि ब्राउन या दोघींनी, उच्चार ठीक पण आकलन कच्चे अशा मुलांवर एक साधी रीत वापरून पाहिली. उताऱ्याच्या तुकड्या-तुकड्यावर थांबायचे आणि चार गोष्टी करायच्या : पुढे काय येईल याचा अंदाज, आपण स्वतः एक प्रश्न, अडलेल्या जागेचा उलगडा, आणि थोडक्यात सारांश. आधी शिक्षकाने करून दाखवायचे, मग हळूहळू मास्तरकी मुलांच्या हाती द्यायची. मुलांत लक्षणीय सुधारणा दिसली. यात यंत्र नाही, महागडे साहित्य नाही. फक्त एक अट आहे. प्रश्न विचारण्याचा मान वर्गात मुलाला द्यावा लागतो. आणि आपल्या वर्गांत नेमके तेच सर्वांत महाग आहे.

सुट्टीत मी गावी समाजमंदिरात चौथी ते सहावीच्या मुलांचा वर्ग घेतो. तिथे मी एक पाठ निवडला, तो खानदेशचाच. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. तिचा अहवाल १९३० साली आला. बाबासाहेब तिचे सभासद होते आणि त्यांच्याकडे खानदेशचे दोन जिल्हे आले होते. ऑक्टोबर १९२९ मध्ये धुळ्याच्या मार्गावरील एका गावच्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगाव स्टेशनावर उतरले. वाड्यातली माणसे न्यायला आली होती. टांगा आला, वाटेत पुलाच्या फरशीवरून कलंडला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेले. हा प्रसंग त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहिला आहे. मी तो मुलांसाठी सोप्या मराठीत उतरवून घेतला आणि तुकड्या-तुकड्याने वाचायला दिला.

पहिला तुकडा संपला : माणसे स्टेशनावर आली. मी विचारले, पुढे काय होईल? एक मुलगा म्हणाला, “बँड वाजेल, मिरवणूक निघेल.” त्याच्या अनुभवातले बाबासाहेब मिरवणुकीतले, त्यामुळे अंदाज चुकीचा असला तरी बिनबुडाचा नव्हता. पुढचा तुकडा वाचल्यावर तो स्वतःच गप्प झाला. अंदाज चुकला की मूल जागे होते आणि पुढचे वाक्य डोळे उघडे ठेवून वाचते. पाठ केलेल्या वाचनात हे कधी घडत नाही.

मग प्रश्न आले. अपघात कशाने झाला, याचे उत्तर मजकुरातच होते. ते सर्वांना आले. दुसरा प्रश्न एका मुलीने अहिराणीत विचारला, “टांगावाला तो का बरं उना नही?” टांगा दिला, घोडा दिला, भाडे घेतले, हाकायला मात्र आला नाही, म्हणून सवय नसलेल्या माणसाच्या हाती लगाम गेला. याचे उत्तर एका ओळीत सापडत नाही. दोन-तीन ओळी एकमेकींना जोडाव्या लागतात. मुलांनी वाद घातला. त्याला पैसे नको होते का? नको असते तर टांगाच दिला नसता. मग नको काय होते? बराच वेळाने उत्तर आले : माणूस नको होता. टांगा हाकणारा गरीब माणूसही बॅरिस्टरपेक्षा स्वतःला वरचा समजू शकतो, हा बाबासाहेबांनी त्या प्रसंगातून काढलेला निष्कर्ष मुलांनी आपल्या पायांनी चालत जाऊन गाठला. मी तो सांगितला असता तर तो त्यांनी वहीत लिहून घेतला असता आणि परीक्षेनंतर विसरला असता.

तिसरा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. एका मुलाने विचारले, स्टेशन जवळच होते तर बाबासाहेबांना पायीच का नेले नाही? आपल्या पाहुण्याला पायी नेणे वाड्यातल्या लोकांना कमीपणाचे वाटले, म्हणून त्यांनी हा टांग्याचा मार्ग काढला. पाहुण्याच्या मानापुढे त्याच्या सुरक्षिततेचा विचार राहून गेला, हे बाबासाहेबांनीही नोंदवले आहे. “मग आपल्या लोकांचं चुकलं का?” असे तो मुलगा म्हणाला आणि वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मी उत्तर दिले नाही. मुलांनी दोन्ही बाजूंनी बोलून घेतले. दुसऱ्याला प्रश्न विचारणे सोपे असते. वाचता वाचता स्वतःच्या माणसांना, स्वतःच्या चळवळीला आणि स्वतःच्या दैवतांच्या मिरवणुकांना प्रश्न विचारता येऊ लागला, की वाचन पुरे झाले असे मी मानतो.

मुलांनी सारांश अहिराणीत सांगितला, मग प्रमाण मराठीत लिहिला. बोलीतून गेल्याने लिहिलेली मराठी बिघडली नाही. उलट वाक्ये त्यांची स्वतःची झाली.

६

आज साधनांची उणीव पूर्वीइतकी नाही. १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ, आपली ‘बालभारती’, स्थापन झाले आणि खेड्यातल्या मुलाच्याही हाती तेच पुस्तक आले. २००९ च्या कायद्याने शिक्षण हा मुलांचा हक्क ठरला. २०२१ साली केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ जाहीर करून तिसरीपर्यंत अर्थासह वाचन हे ध्येय ठेवले. ध्येयातला ‘अर्थासह’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पण ‘असर’च्या पाहण्या काय सांगतात? ग्रामीण भारतात पाचवीतल्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते; टाळेबंदीनंतर, २०२२ मध्ये, ते ४२.८ टक्क्यांवर घसरले. २०२४ मध्ये ते काहीसे सावरले. यात मुख्यत्वे मजकूर वाचता येतो की नाही एवढेच पाहिले जाते. त्याचा अर्थ किती जणांना लागतो हा त्यापुढचा प्रश्न. १९२७ च्या त्या १०० मुलांपैकी ८२ शाळेबाहेर फेकली जात होती. आज बहुतेक शाळेतच असतात, वरच्या वर्गात ढकललीही जातात. पण त्यांतली कितीतरी शाळेत बसूनच निरक्षरतेत परत जातात. गळती दाराबाहेर दिसत होती, ती आता बाकावर बसली आहे.

ही मुले कुणाची हे निराळे सांगायला नको. ज्यांना परवडते त्यांनी जिल्हा परिषदेची शाळा सोडली. मागे राहिली ती शेतमजुरांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची, वाड्या-वस्त्या-तांड्यांवरची. म्हणून मुलाला वाचलेले कळणे हा केवळ अध्यापन-पद्धतीचा विषय मानून शिक्षक-प्रशिक्षणाच्या फायलीत ठेवता येणार नाही. तो सामाजिक न्यायाचा विषय आहे. रोजगार हमीची मजुरी, जात-पडताळणीचा अर्ज, बचतगटाच्या कर्जाच्या अटी, मोबाईलवर आलेली खरी-खोटी बातमी, हे आजचे रोखे आहेत. आणि आज त्यांवर अंगठा नाही, ठसठशीत सही असते. न कळता केलेली सही अंगठ्यापेक्षा अधिक बांधून टाकते.

आपल्या कार्यकर्त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. आपण विहारात, समाजमंदिरात जयंतीला भाषणे ठेवतो. मुले पाठ केलेली भाषणे म्हणतात, आपण टाळ्या वाजवतो. या टाळ्या मला त्या कंदिलाच्या उजेडातल्या, अभिमानाने भरून आलेल्या डोळ्यांची आठवण देतात. त्याऐवजी आठवड्यातला एक तास मुलांबरोबर एक पान वाचा. दर तुकड्याला थांबा. त्यांच्या बोलीत त्यांना सांगू द्या. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर तुम्हांला येत नाही असा प्रश्न मुलाने विचारला, तर त्याला शाबासकी द्या. शिक्षकांनी निदान एवढे करावे की, वर्गात बोलीत आलेल्या उत्तराला हसू नये.

गेल्या उन्हाळ्यात मी पेटीतली ती नोटीस काढून वर्गात दिली. मुलांना निम्मे शब्द अडले. त्यांनी त्यांच्याखाली रेघा मारल्या, एकमेकांना विचारले, मला विचारले, एक शब्द मलाही शोधावा लागला. मग पाचवीतल्या एका मुलीने दोनच प्रश्न केले : पैसे कुठे भरायचे होते आणि कधीपर्यंत? माझे वडील दाराशी बसून ऐकत होते. साठ वर्षांपूर्वी ओट्यावर जमलेल्या एवढ्या माणसांपैकी एकाने हे दोन प्रश्न केले असते, तर कदाचित आमचे वावर आमच्याकडे राहिले असते. ते आता परत मिळायचे नाही. पण ते प्रश्न आता आमच्या वाड्यात आले आहेत, आणि यापुढे येणारा कोणताही कागद त्यांच्यावाचून पेटीत जाऊ नये.